वीस रुपयांचा

मिरज स्टँडच्या बाहेर, चार्जरच्या वायरी
आणि मोबाईलच्या काचा विकणाऱ्या पोराच्या पुठ्ठ्यावर
पडला होता तो. करंगळीएवढा, लाल मुठीचा,
किल्ल्यांच्या कडीत अडकवायचा.
पोरगं म्हणालं, ताई, तीस.
मी म्हणाले, वीस.
त्यानं इतक्या पटकन दिला
की पंधरा म्हणायला हवं होतं.

हरभट रोडला आमच्या औषधांच्या गोडाऊनात
दिवसाला साठेक खोकी फुटतात.
गोडाऊनचा म्हणून एक कटर आहे,
जाऊ नये म्हणून टेबलाला बांधलेला,
आणि दोरी कधीच खोक्यापर्यंत पोचत नाही.
म्हणून घेतला.

आठवड्यात पात्याची लकाकी गेली.
मग खिळा ढिला झाला,
उघडलं की पातं मान हलवायचं
नाही नाही म्हणणाऱ्या म्हाताऱ्यासारखं.
सलाईनच्या खोक्यावरची पट्टी तर
त्याला कधीच कापता आली नाही.
मुनीरभाई म्हणाले, त्यापेक्षा दात वापरा, मॅडम.

घरी आण्णांनी तो हातात घेतला.
सासरे माझे. एकतीस वर्षं किर्लोस्करवाडीला, लेथवर.
नखानं पात्याला टिचकी मारली, कान लावला.
'हे पोलाद न्हवं. डब्याचा पत्रा हाय.
वीस रुपयाचं भडंग आणलं असतंस
तर पोटात तरी गेलं असतं.'

खरंच होतं त्यांचं. मी गप्प.
पण मनात मोजत होते:
नणंदेच्या लग्नात, ऐन अक्षतांच्या वेळी,
ब्लाउजचा लोंबणारा दोरा.
परीक्षेच्या दारात सायलीच्या पेन्सिलीला टोक,
उंदरानं कुरतडल्यासारखं, पण टोक.
एस.टी.त शेजारच्या बाईंचा पेरू,
ज्यातली अर्धी फोड मला मिळाली.

चांगला चाकू आहे की आमच्या घरी.
आण्णांनीच केलेला, मशीनच्या करवतीच्या पात्यातून.
उभा केस चिरेल असा.
तेलाच्या फडक्यात, कपाटाच्या वरच्या फळीवर,
आणि घ्यायचा तर कशाला ते सांगावं लागतं.

मार्चमध्ये आण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं.
घरी सोडलं, रिक्षा दारात आली,
आणि मनगटावर नावाचा प्लास्टिकचा पट्टा तसाच.
सिस्टर जेवायला. कात्री कुणालाच माहीत नाही.
'जनावराच्या कानात बिल्ला असतोय तसलं हे.
मी ह्ये घालून गल्लीत जाणार न्हाई.'
खाटेची कड धरून बसले.

मी पर्स उघडली.
ते मनगट मी पहिल्यांदाच हातात घेत होते.
कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी,
सुयांच्या जागी निळीजांभळी.
पातं पट्ट्याखाली सरकवलं. कापेना.
घासत राहिले.
आण्णा छताच्या पंख्याकडे बघत होते.
रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न दिला, तिसऱ्यांदा दिला,
मग टक्.
कातडीवर ओरखडासुद्धा नाही.

'धार न्हाई म्हणून बरं,' आण्णा म्हणाले.
आणि रिक्षात, विश्रामबाग आल्यावर:
'पत्राच हाय पण.'

पंधरवड्यानं कामावरून आले तर
आण्णा पायरीवर, मांडीत पालथी बशी,
बशीच्या खरबरीत कडेवर
माझा चाकू फिरवतायत, थुंकी लावून,
एकतीस वर्षांच्या सावकाशीनं.
खिळ्यावर हातोडीचा एकच ठोका.
'धर. हलणार न्हाई आता.'

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत
पेरूबरोबर अंगठाही चिरला.
पट्टीला तोटा नाही आमच्याकडे, गोडाऊनच औषधांचं.
मुनीरभाई पट्टी गुंडाळता गुंडाळता
चाकू उलटा सुलटा करून बघत होते.
म्हणाले, बरा दिसतोय की.
घ्यावा का ओ असला एक?

पंधराला मागा, म्हटलं.