हीटरचा पंखा

मे लागला की माझ्या टपरीपुढे
कूलरच्या मोटरी रांगेत बसतात,
आयांच्या मांडीवरच्या तापल्या लेकरांसारख्या.
जळक्या वार्निशचा वास, ओल्या वाळ्याचा वास.
या दिवसांत परतवाड्यात
माझ्याइतका मान फक्त बर्फवाल्याला.

त्या रांगेत मोटघरे डेपोवाले उभे राहिले.
मागे त्यांची हिलमन,
जंगलखात्याच्या लिलावातली,
रंग शिळ्या वांग्याचा.
म्हणाले, "बेठेकर बाई, हीटरचा पंखा फिरत नाही."

रांगेतला एक जण इतका हसला
की हातची मोटर पडता पडता राहिली.
"चव्वेचाळीस हाय बाहीर, काका! हीटर कायले पाह्यजे?"
मोटघऱ्यांनी टोपी काढली
आणि तिनंच वारा घेतला.

दोनला लाइन गेली. दुकान आंधळं झालं.
तेव्हा मी गाडीत शिरले,
डोकं डॅशबोर्डाखाली, पाय रस्त्यावर.
आधी फ्यूज. काचेची नळी, आत तार शाबूत.
मग मीटर लावला, तर काटा उलटा आपटला.
या गाडीचं धन टोक बॉडीला.
"विलायती हाय ते," मोटघरे खिडकीतून म्हणाले,
जसं एखाद्या जावयाबद्दल सांगावं.

स्विचपर्यंत करंट होता. स्विचच्या पुढेही होता.
मोटरीच्या दारात येऊन उभा होता,
कोणी कडी काढत नव्हतं.
अर्थची तार घासली, हिरवा गंज पापणीवर पडला.
तरी नाही.
पान्याच्या बुडानं मोटरीला एक टिचकी दिली,
पंखा दचकून अर्धा फेरा फिरला
आणि पुन्हा गप्प.

"कार्बन," मी म्हटलं.
टिचकीनं जो जागा होतो
त्याचा जीव शिल्लक असतो, टेकायची जागा गेलेली असते.
हे मी मोटरींबद्दलच म्हणते.

चार स्क्रू. तिसरा हट्टी, त्याला रॉकेल पाजलं.
पात्यांत कुंभारीण माशीचं घर,
तीन खोल्या, प्रत्येकीत एक वाळका कोळी.
कार्बन झिजून तांदळाएवढे.
ट्रॅक्टरच्या डायनामोचा एक जुना होता,
तो दुकानाच्या पायरीवर घासत बसले,
थोडं घासायचं, घालून पाहायचं, परत घासायचं.
शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब.

तोवर मोटघरे बोलू लागले.
"चिखलदऱ्याले बहीण राह्यते माही, पंच्याऐंशीची.
एसटीत बसत नाही, या गाडीत बसते.
पण घाटात हे उकळते.
हीटर लावला का इंजिनची आग आत येते.
आपण भाजतो, गाडी वाचते."
रांगेतला तो हसणारा
आता मोटर मांडीवर घेऊन ऐकत होता.

ट्रायलला मीच बसले.
तिसऱ्या वळणावर काटा लालात गेला,
मोटघऱ्यांनी खटका ओढला,
आणि पंख्यानं तोंड उघडलं.
आधी धूळ आली, कितीतरी वर्षांची,
मग कोळ्यांचे पाय,
मग नुसती भट्टी.
चपलेचा रबर मऊ झाला.
घाम भुवईवरून ओघळून दातांत आला.
काटा केसाएवढा खाली सरकला.
मग बोटाएवढा.
आम्ही दोघं कच्च्या विटांसारखे भाजत होतो
आणि एकमेकांकडे बघून दात काढत होतो.

वर पोचलो. खटका बंद केला,
पंखा बंद होईना.
किल्ली काढली, तरी फिरतोच आहे.
स्विच आतून चिकटला असणार,
म्हणजे उद्या पुन्हा डोकं खाली, पाय रस्त्यावर.
मी तार उपसायला वाकले
तर म्हातारी येऊन बसलीसुद्धा,
चपला काढून, पाय थेट त्या झोतात.
"राहू दे वं," म्हणाली,
"पाय गार पडतात माहे."