फक्त या फाइलीपुरतं

इवालोच्या नगरपालिकेत मी संगणक बघतो.
बघतो म्हणजे, लोक बोलावतात, मी जातो,
बूट दाराशी काढतो, कॉफी नको म्हणतो, मग घेतो.

सकाळी पाणीपट्टीच्या फाइलीत
ओळीची रुंदी बहात्तर अक्षरं ठेवली.
दुपारी तिच्याशेजारी दफनभूमीची यादी उघडली
तर नावं बहात्तराव्या अक्षरावर मोडलेली:
कुणाचं आडनाव खालच्या ओळीत,
कुणाचं जन्मसाल दुसऱ्याच्या मृत्यूला चिकटलेलं.
यादीला कुणी काही सांगितलं नव्हतं.
वाण नाही, पण गुण लागतो
शेजारीशेजारी उघड्या राहिलेल्या फाइलींना.

एडिटरची ही जुनी खोड.
एक हुकूम असतो सगळ्यांसाठी,
एक फक्त या फाइलीपुरता.
दोन्हींत फरक पाच अक्षरांचा.
घाईत आपण ती पाच अक्षरं वाचवतो
आणि संध्याकाळपर्यंत निस्तरत बसतो.

गुरुवारी आउनेचा फोन आला.
"सगळं लाल झालंय," म्हणाली. एवढंच.

तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन वाजताच अंधार.
टेबलावर जाळं विणायची सुई, चष्मा, कॅसेटींचा खोका.
आईचा आवाज ऐकून ती एकेक वाक्य उतरवते,
इनारी सामीत, जी तिला स्वतःला
पन्नाशीनंतर वर्गात बसून शिकावी लागली.
पडद्यावर आईचा प्रत्येक शब्द
लाल नागमोडी रेघेवर उभा.
पहिल्यापासून शेवटपर्यंत.
जणू बाईला एक शब्द धड येत नव्हता.

कारण साधं होतं.
सकाळी तिने पेन्शनच्या कार्यालयाला पत्र लिहिलेलं,
भाषा फिनिश निवडलेली, पाच अक्षरं वाचवलेली.
पत्र मागच्या खिडकीत अजून उघडंच.
मी म्हटलं, "तिकडचं सेटिंग इकडे आलंय, बाकी काही नाही."
"माहितेय," ती म्हणाली. "आईचंही असंच झालं.
शाळेच्या वसतिगृहात एकदाच सांगितलं होतं,
फिनिशच बोलायचं.
घरी येऊन कुणी सांगितलं नव्हतं."

मी कीबोर्डकडे बघत राहिलो.
माझी आजी त्याच वसतिगृहात स्वयंपाक करायची.
हे मी आउनेला कधी सांगितलेलं नाही.
तिला ठाऊक असणार. गाव ते केवढंसं.

हुकूम टाइप केला, पाचही अक्षरांसकट.
सामीची शब्दयादी उतरायला एक कप कॉफी लागली.
मग रेघा विझायला लागल्या,
वरून खाली, मी पान सरकवीन तसतशा.
तीन उरल्या.
दोन तिच्याच चुका, तिने हसत दुरुस्त केल्या.
तिसरा शब्द आईचा.

"म्हणजे काय?"
"दार उघडं टाकून आत येणारं पोर.
मलाच म्हणायची. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला नाही.
कदाचित तिनेच केला असेल."

यंत्राने विचारलं, शब्द यादीत घ्यायचा का.
खाली नेहमीचे दोन पर्याय:
सगळीकडे, की फक्त या फाइलीपुरता.
मी माउस तिच्याकडे सरकवला.
तिने हात ठेवला त्यावर, आणि तसाच ठेवला.
कॅसेटमध्ये आता कुणी बोलत नव्हतं,
नुसती भांडी वाजत होती, कुठल्या तरी एकोणऐंशी सालातली.

मी बूट चढवले, उठू नकोस म्हटलं.
बाहेर उणे एकोणीस. गाडीपर्यंत पोचलो असेन
तेवढ्यात मागून हाक आली.
माझं नाव नव्हतं ते.
वळून बघितलं तर दार सताड उघडं,
स्वयंपाकघरातला उजेड बर्फावर सांडलेला,
आणि उंबऱ्यात आउने,
तोच शब्द पुन्हा ओरडत.