मिठाला जागणे

फेल्टममध्ये, गालिच्यांच्या गोदामामागे,
एका बिनखिडकीच्या खोलीत
अकरा वर्षं रात्रपाळी करून
मी हॉलंडला टीव्ही दाखवला.
हॉलंड मी अजून पाहिलेलं नाही.

चॅनेलचं नाव झाउट.
झाउट म्हणजे मीठ, डेस्मंडने पहिल्याच रात्री सांगितलं,
आणि मला हसू आलं.
म्हटलं, आमच्यात खाल्ल्या मिठाला जागतात.
तो म्हणाला, बरं झालं, पाळी बारा तासांची आहे.
मी वत्सला. त्याच्या तोंडी व्हॅट.
साडेसतरा टक्के, अशी हाक मारायचा खुशीत असला की.

इतिहास मला माहीत आहे तेवढा सांगते.
यूप आणि वाउटर, दोघे भाऊ, कॅरव्हॅन विकायचे.
तिकडच्या कायद्यात जाहिरातींवर जगणाऱ्या चॅनेलला
दार उघडत नव्हतं,
म्हणून परवाना लंडनचा काढला,
पत्ता फेल्टमचा लावला,
आणि आपल्याच देशात
परदेशी म्हणून शिरले.
पहिल्या रात्री दोन तास नुसते रंगीत पट्टे,
मग गादीची जाहिरात,
मग पुन्हा पट्टे.
वाउटर म्हणे घरी त्या पट्ट्यांकडे बघून रडला.

सात वाजता चीजचं वजन ओळखा.
आठला जुनी अमेरिकन मालिका,
खाली डच अक्षरं मुंग्यांसारखी.
साडेनऊला घटस्फोट झालेल्यांना जोडीजोडीने
नावेत बसवून कालव्यात सोडत;
धक्का येईस्तोवर जमलं त्यांचं जमलं.
बारानंतर बायका फोन नंबर सांगू लागत,
तेव्हा मी डबा उघडायची.
थालीपीठ खाताना मान खाली राहते.

भाषा आली ती एवढीच:
स्ट्राक्स, म्हणजे थोड्याच वेळात.
हेरहालिंग, म्हणजे कालचंच.
कांदे कसे मागतात ते येत नाही,
पण "थोड्याच वेळात पाहा, खुनी कोण"
हे मी झोपेतही म्हणते,
नवऱ्याची तक्रार आहे.

एका जूनमध्ये हातून चूक झाली.
कालच्या हवामानाची टेप आज लावली.
साऱ्या देशातून एकच फोन,
देव्हेंटरच्या बाउमेस्टरबाईंचा.
चादरी भिजल्या होत्या.
तुम्ही ऊन म्हणालात, त्या इंग्रजीत म्हणाल्या,
रागाने नाही, हिशेब विचारावा तसं.
मी माफी मागितली.
त्यांनी विचारलं, तुमच्याकडे काय आहे आत्ता?
आणि मला सांगता येईना.
रिसीव्हर टेबलावर ठेवला, दोन जिने उतरले,
दाराबाहेर हात काढून पाहिला,
धापा टाकत वर आले.
भुरभुर आहे, म्हटलं.
मग येईल आमच्याकडे, त्या म्हणाल्या. ठेवते.

पुढे दर मंगळवारी, धुण्याच्या दिवशी,
पहाटे पाचला फोन.
डेस्मंडने माझ्यासाठी जिन्यात दिवा लावून घेतला.

भाऊ भांडले. कशावरून, कोणी म्हणे नावेवरून.
एका मोठ्या कंपनीने मीठ विकत घेतलं
आणि दुसऱ्या कशात तरी विरघळवलं.
शेवटच्या रात्री चीजचा जुना भाग, हेरहालिंग.
सहाला पडदा काळा झाला.
तीन सेकंदांहून जास्त काळं राहिलं
की भोंगा वाजायचा आमच्याकडे.
वाजला.
डेस्मंडने खुर्चीवर चढून त्याची वायर काढली,
मग तिथेच उभा राहिला, उतरेना.

घरी आले तर नवरा टीव्ही लावून बसलेला.
आमच्या घरी झाउट कधी दिसलंच नाही.
माझ्या खोलीतून ते थेट आकाशात जायचं
आणि उतरायचं पार तिकडे;
मधल्या इंग्लंडला पत्ता नाही.

मंगळवारी पाचला जाग आली.
खिडकीशी गेले, काच वर केली.
त्याच फोन करायच्या, नंबर मी कधी घेतला नव्हता.
आभाळ मोकळं होतं.
वारा बरा होता, पूर्वेकडे चाललेला.
चादरी वाळल्या असत्या.