बाविसावा भाग

ईसाफ्योर्डुरला मासळीच्या कारखान्यात
दहाची सुट्टी झाली की हातमोजे निघतात
आणि भांडण सुरू होतं.

बोगुमिला म्हणते, कप्तान ओर्लेनसारखा माणूस नाही,
जळतं यान एकट्यानं उतरवलं त्यानं.
"उतरवलं? आपटलं!" स्टेनव्होरची कॉफी हिंदकळते,
"खरा जीव त्या स्वयंपाकी यंत्राचा.
सतरा ग्रहांवर बटाटे सोलले,
एकदाही कुणाला उपाशी झोपू दिलं नाही."
यंत्राला कसला आलाय जीव, वगैरे वगैरे.
कॉडचे खवले कोपरापर्यंत,
आवाज छताला.

सगळ्यांत भिकार भाग बाविसावा, यावर मात्र एकमत:
चाळीस मिनिटं ती रेडिओवाली
हरवलेल्या यानाला हाका मारत बसते,
बाकी काही म्हणजे काही घडत नाही.

हाल्फ्रीदूर सुरीला धार लावत होती.
म्हणाली, मला तोच आवडतो.
फक्त शेवटी तिकडून उत्तर येतं ना,
त्याच्या आधी मी टीव्ही बंद करते.

बाहेर धक्क्यावर कुणीतरी दोर गुंडाळत होतं.

भोंगा वाजला.
पट्ट्यावरून मासे येऊ लागले.
बऱ्याच वेळानं बोगुमिला हळूच म्हणाली,
पण त्या यंत्राला मिशा कशाला दिल्या होत्या?