किती गेजची

हुपरीहून सकाळची एसटी, मग राजारामपुरी,
दवाखान्याच्या जिन्याला अकरा पायऱ्या.
मोजून चढते,
कारण पायरी संपली हे पाय सांगत नाहीत.

चाळीस वर्षं पैंजणाला घुंगरू जोडलं.
चिमट्यात कडी, कडीवर डाक, वर फुंकणीची निळी जीभ.
डाक वितळताना चांदी क्षणभर थरथरते,
तेवढ्यात हात काढायचा.
डोळ्यांच्या आधी बोटांना कळायचं.

आणि आता भर स्टँडवर डावी चप्पल निसटली,
मी चालतच राहिले.
मागनं एक पोरगं ओरडलं, ओ मावशी, चप्पल!
त्याच्या हातातली बघितली, मग माझा पाय.
धुळीनं भरलेला, कुणा दुसरीचा असावा तसा.

रात्री मात्र हेच पाय जागे.
कांडपातली मिरची तळव्याला चोळल्यागत आग,
चादरसुद्धा लागू देत नाहीत.
सून ओलं फडकं बदलते.
तिची सातची पाळी असते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळे मिटा, चंपाताई.
नायलॉनचा दोरा टेकवून विचारतात, लागतंय?
मी म्हटलं, हो.
त्या म्हणाल्या, अजून टेकवलाच नाही.

मग सुया.
नडगीच्या कडेला, बोटांच्या बेचक्यात, घोट्याभोवती.
एक उजेडात धरली न् विचारलं, किती गेजची?
त्या हसल्या. त्यांच्याकडे मिलिमीटर.
आमच्या जंत्रीतून एवढी बारीक तार निघाली
तर कारखानदार पोरांना चहा पाजेल.

बरोब्बर पैंजणाच्या जागी पाच उभ्या.
माझं स्वतःचं थोरल्याच्या आयटीआयच्या फीत गेलं.
हे बिनआवाजाचं.

बरं होणार का, विचारलं.
कुणाला उतार पडतो, म्हणाल्या, कुणाला नाही.
साखर गोळीनं आणि ताटात धरायची, सुयांवर सोडायची नाही.
रोज आरसा धरून तळवे बघायचे.
बघते.
पॉलिशनंतर चरा शोधावा तसं.

नववी खेप. सुया घालून पडलेली.
डाव्या करंगळीला काहीतरी.
हलकं, सरकणारं.
श्वास धरला. हाक मारायला तोंड उघडलं,
मान उचलली,
तर मुंगी.
खरीखुरी, कुणाच्या तरी बिस्किटाच्या चुऱ्यावरून आलेली.

बाई म्हणाल्या, झटकू?
म्हटलं, थांबा जरा.
चालू दे तिला वर,
कुठवर कळतंय बघू.