दुहेरी बंध

रबाळ्याच्या एमआयडीसीत माझं काम तेलाचं:
शेंगदाण्यात सरकी मिसळली का,
तिळात पाम कुणी घुसवलं का.
तेल खोटं बोलतं, त्यातले स्टेरॉल सहसा नाही.
पोटॅशच्या उकळीत बाकी सगळ्याचा साबण होतो,
उरतं चिमूटभर हट्टी मेण,
आणि त्यात झाडाचं कुळ.

शनिवारी नेवरेकर सर लवकर निघतात.
मग मी मशीनला माझं काहीबाही खाऊ घालते.

मार्चमध्ये ऐरोलीच्या चिखलातून आणलं होतं
तिवराच्या मुळांवरचं तांबूस शेवाळ, रुमालात.
कागदावर एकच उंच शिखर उठलं: कोलेस्टेरॉल.
बाबांच्या रिपोर्टमध्ये डॉक्टर
ज्याच्याखाली दोनदा रेघ मारतात, तेच.

आज भोपळ्याच्या बिया, आणि पालक.
दोन्ही घणसोली गावातल्या बारकूबाईकडचं.
भोपळा, तोंडली, पडवळ ती एका रांगेत मांडते.
“यी सगली एकाच घरची. तनावे बघ ना.
पालक परका.”

चाळीस मिनिटं.
बहुतेक झाडांचा दुहेरी बंध पाचव्या कार्बनपाशी.
भोपळ्याचा सातव्यापाशी.
पालकाचाही सातव्यापाशी.
(चोविसाव्यावर पदर कुठल्या खांद्यावर घेतलाय,
ते आमच्या मशीनला दिसत नाही.)
दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीला लावले.
शिखर शिखरात बसलं.

तरी बारकूबाईच बरोबर.
चहाची पत्ती उकळा, तीही सातव्यापाशीच.
तीन घरं, कोट्यवधी वर्षं एकमेकांना पाठमोरी,
आणि सवय एकच, ज्याची त्यानं लावून घेतलेली.
याला नातं म्हणू नये, असं पुस्तकात आहे.

जिन्यात सेक्रेटरीबाई शाल्मलीचा गाल ओढतात:
“हसते अगदी तुमच्यासारखी! रक्त कुठं जातंय?”
ती माझ्याकडे आली तेव्हा अकरा महिन्यांची होती,
दोन झबली आणि एक फाइल घेऊन.
मी बाईंना दुरुस्त करत नाही.
हसते. तीही हसते,
उजवा डोळा आधी मिटून,
जसा माझा मिटतो.

रात्री बघते तर तिनं माझे कागद रंगवलेत.
सगळी शिखरं हिरवी,
मागं पारसिकच्या डोंगरावर असतात तसे टॉवर.
आणि अगदी शेवटचं ते बारीकसं,
ज्याचं नाव मला अजून लागलेलं नाही,
त्यावर एक घर, धुराड्यासकट.

सोमवारी सर मूळ प्रत मागतील.