जाऊ द्या

पाथरीच्या अलीकडे, फाट्यावर, अकराच्या उन्हात
मशीनमधून तिकीट ओढता ओढता
मानेवरून काहीतरी ओघळलं.
बोट लावलं. काळं.
मला वाटलं गाडीचं ऑइल, पण ऑइल वरून कुठून येणार?
पुढच्या सीटवरच्या म्हातारीनं नीट निरखून सांगितलं,
"माय, तुझं डोस्कं वितळायलंय."

त्या रात्री खाकी कॉलर घासली
लिंबानं, साबणाच्या वडीनं, शेवटी राखेनं.
डाग फक्त पसरला.

आमच्या गल्लीत नळ अकरा दिवसांनी येतो,
आला तर पहाटे तीनला,
आणि दर पंधरवड्याला मी डोक्यावर
तीन बादल्या ओतत होते, डाय धुवायला.
तीन बादल्यांत दोन दिवसांची भांडी होतात,
दारातला कढीपत्ता तगतो,
शेजारच्या बाळंतिणीचे लंगोट निघतात.
मी हिशेबाची बाई. संध्याकाळी डेपोत
पाच रुपये कमी भरले तरी घास उतरत नाही.
हा हिशेब मात्र बारा वर्षं
मी काढलाच नव्हता.

सोडून दिलं.
डायचं पाकीट, सरळ करायचं ते तापतं यंत्र
(मे महिन्यात, सेलूत, चव्वेचाळीस डिग्रीत
मी पैसे देऊन डोकं भाजून घेत होते!)
आणि पार्लरवाल्या कल्याणीचा महिन्याचा फोनही.

मग दोन-तीन महिने काय दिसत होते, विचारू नका.
मुळाशी चुना, मधे जुन्या मेंदीचं तांबडं,
टोकाला डायचं काळं.
आमची गाडी दरवाज्यापाशी खरवडली की दिसते तशी:
वरचा रंग, त्याखालचा रंग, त्याखाली पत्रा.
ड्रायव्हर खरवडे आरशातून बघायचा आणि गप्प बसायचा.
एकदा न राहवून म्हणाला, "मॅडम, घरी काही झालं का?"
त्याच्या मिशीतून काळा घाम
ओठावर येत होता. मी रुमाल दिला.

आणि कुरळेपण. ते मी विसरलेच होते.
शाळेत मला पोरी वाख म्हणायच्या,
केकताडाचा वाख. आई तेल थापून
इतकी घट्ट वेणी घालायची की भुवया वर जायच्या.
आता बोअरचं खारं पाणी, खिडकीची झळ,
आणि कुणी दाबायला नाही म्हटल्यावर
एकेक केस आपापल्या वळणानं उठला,
जसा कडब्याची पेंढी सुटल्यावर उठतो.
टोकं कापून टाकली. उरलं त्याला
उन्हानं फुकट रंग दिला:
थोडा कडब्याचा, थोडा राखेचा,
कानाच्या वर थोडासा, काय म्हणू,
करडईच्या वाळल्या बोंडाचा.

परीक्षेला पाथरीला जाणारी एक पोरगी,
दोन्ही वेण्या तेलानं चापून बसवलेल्या,
पण कपाळाशी दोन वळणं सुटून आलेली,
रोज बघायची. परवा विचारलं तिनं,
"ताई, तुम्ही काय लावता?"
"पाणी," म्हटलं. "असलं तर."
ती हसली नाही. उत्तर
लिहून घेतल्यासारखी मान हलवली
आणि खिडकीकडे वळली.

ती म्हातारीही भेटते. पंच्याहत्तर झालेली,
कार्ड पिशवीत तळाशी, दर वेळी शोधावं लागतं.
मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली,
"किती वरसाची गं तू?"
"सत्तेचाळीस."
"आसं व्हय. मला वाटलं
तूबी आता फुकटातच चाललीस."
सगळी गाडी हसली. मीही.
मग तिनं हात लांबवून माझ्या केसांत
दोन बोटं घातली, विचारलंही नाही,
कापूस बघतात तशी चुटकीत धरून बघितली.
"धागा चांगलाय," म्हणाली.

नवा गणवेश दिवाळीनंतर मिळेल म्हणतात.
तोवर हीच कॉलर, हाच डाग,
वर माझं हे पसरलेलं डोकं,
बिल्ल्यावर माझं नाव: मथुरा घुले.
मागची पाटी बघितली, दार ओढलं.
कुणी राहिलं का?
टण टण.
जाऊ द्या.